निघायला नऊ दिवस

रविवार, रात्र. नऊ दिवस उरले.

आज दुपारी सूचनाफलकावर तैनातीवर जाणाऱ्या जवानांची यादी लागली आणि तिच्यात माझे नाव सातव्या क्रमांकावर होते. ते असणार हे गेले तीन महिने ठाऊक होते. सराव त्यासाठीच चालला होता, लसी त्यासाठीच टोचून घेतल्या होत्या. तरीही यादी वाचून मागे वळलो तेव्हा पोटात खड्डा पडला, आणि जेवणाच्या रांगेत उभा असताना लक्षात आले की आपले तळहात थंडगार पडले आहेत. शेजारच्याच्या नजरेला पडू नयेत म्हणून मी ते खिशात घातले. रांग पुढे सरकली तेव्हा ताट उचलण्यासाठी हात बाहेर काढले, तर माझ्यापुढे उभ्या असलेल्याचेही दोन्ही हात खिशातच होते.

मला भीती वाटते आहे हे कुठेतरी लिहिलेले असावे, एवढ्यासाठी ही वही काढली. बोलून दाखवण्याचा धीर आज तरी नाही.

सोमवार. आठ दिवस.

वैद्यकीय तपासणीत नाडीचे ठोके १०४ भरले. डॉक्टरबाईंनी ते पुन्हा मोजले नाहीत, "यादीत नाव आहे ना?" एवढेच विचारले. मी हो म्हटल्यावर त्या हसल्या नाहीत, ही गोष्ट मला फार आवडली. मग दोन मिनिटांत त्यांनी जे समजावून सांगितले ते इथे नोंदवून ठेवतो. धोक्याची चाहूल लागली की मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी अ‍ॅड्रिनलिन सोडतात, हृदय जोरात चालू लागते आणि पोटाकडचे व कातडीकडचे रक्त मोठ्या स्नायूंकडे वळते. म्हणून पोट ढवळते, हात गार पडतात, तोंडाला कोरड पडते. वॉल्टर कॅनन या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने 'लढा किंवा पळा' अशा शब्दांत या प्रतिक्रियेची मांडणी १९१५ मध्ये केली होती. शरीराला फक्त एवढे कळत नाही की धोका समोर येऊन ठेपला आहे की अजून आठवडाभर दूर आहे. ते बिचारे रोज लढायला उभे राहते, आणि समोर कोणीच नसल्यामुळे ती सगळी तयारी रात्री अंथरुणात माझ्याच अंगावर येते.

चार आकडे मोजत श्वास आत घ्यायचा, चार आकडे धरायचा, चार मोजत सोडायचा, पुन्हा चार आकडे थांबायचे, हा प्रकार प्रशिक्षणात शिकवला होता तेव्हा मला तो पोरखेळ वाटला होता. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, हे मनगटावर बोट ठेवून आपले आपल्याला तपासता येते. मी तपासले. भीती गेली नाही. ठोके ८८वर आले आणि झोप लागली. सध्या मला तेवढेच हवे आहे.

बुधवार. सहा दिवस.

काल काही लिहिले नाही, कारण काल मी ठरवून त्या विषयाचा विचार करायचा नाही असे केले होते. दिवसभर पत्ते खेळलो, विनोद केले, इतरांच्या विनोदांवर गरजेपेक्षा मोठ्याने हसलो आणि रात्री दोन वाजता घामाघूम होऊन उठून बसलो. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाचा १९८७चा प्रयोग प्रसिद्ध आहे. लोकांना पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगितले होते, आणि तो विचार आलाच तर घंटी वाजवायला सांगितले होते. घंटी वाजत राहिली. शिवाय नंतर विचार करण्याची मोकळीक दिल्यावर या लोकांच्या मनात ते अस्वल पहिल्यापासून मोकळीक असलेल्यांपेक्षाही जास्त वेळा आले. माझे अस्वल रात्री दोन वाजता येते.

म्हणून आज उलट करून पाहिले. आमच्या बराकीत एक जण आहे, दोन तैनाती करून आलेला. आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. तो एकटाच बूट पुसत बसला होता. मी शेजारी जाऊन बसलो आणि पुष्कळ वेळ इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर विचारले, "दादा, पहिल्या वेळी भीती वाटली होती?"

"निघायच्या आदल्या रात्री मी बॅग तीन वेळा रिकामी करून तीन वेळा भरली," तो ब्रशवरून नजर न उचलता म्हणाला.

"आणि दुसऱ्या वेळी?"

"चार वेळा. दुसऱ्या वेळी कशाला घाबरायचं ते माहीत होतं."

या उत्तराने मला बरे वाटावे असे त्यात काहीच नव्हते, तरी बरे वाटले. पुढे तो जे बोलला त्याचा सारांश असा, की गोळीबार सुरू झाल्यावर माणसाला काहीतरी करायचे असते, त्यामुळे भीतीकडे पाहायला फुरसत मिळत नाही. सगळ्यात वाईट असते ती वाट पाहणे. त्याच्या या म्हणण्याला जुना आधारही आहे. जॉन डोलार्ड या अमेरिकी अभ्यासकाने स्पेनच्या यादवी युद्धात लढून आलेल्या ३०० स्वयंसेवकांना प्रश्नावली दिली होती आणि १९४३ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पहिल्या लढाईला जाताना दहापैकी साधारण सात जणांना भीती वाटली होती, आणि तेवढ्याच प्रमाणातल्या लोकांनी सांगितले की भीतीचा कळस चकमकीच्या ऐन आधी होता. दहापैकी आठ जणांचे मत होते की लढाईआधी भीती कबूल करून तिच्याविषयी उघड बोलावे. ही माणसे सक्तीने भरती झालेली नव्हती, आपणहून परक्या देशात लढायला गेली होती, म्हणून मला त्यांचा शब्द वजनदार वाटतो.

मात्र त्यातल्या बहुतेकांनी असेही सांगितले होते की प्रत्येक चकमकीगणिक भीती कमी होत गेली, आणि ते दादाच्या चार वेळा भरलेल्या बॅगेशी जुळत नाही. पहिल्या महायुद्धात खंदकांमध्ये पलटणीचा डॉक्टर म्हणून राहिलेले लॉर्ड मोरान यांचे मत वेगळे होते: धैर्य हे गाठीच्या भांडवलासारखे असते, ते सतत खर्च होत राहते आणि एखाद्याचे संपूनही जाते. दादाने पहिल्या दोन खेपांमध्ये किती खर्च केले असेल, हे मी त्याला विचारले नाही. ते विचारण्याइतकी आमची ओळख नाही.

गुरुवार. पाच दिवस.

'भीती' हा एकच शब्द मी चार दिवस लिहितो आहे आणि आज जाणवले की त्याच्या पोटात किमान तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. मरण्याची भीती आश्चर्य वाटावे इतकी धूसर आहे. तिचे चित्रच डोळ्यांपुढे येत नाही. जखमी होण्याची भीती अधिक स्पष्ट आहे, तिला डोळे आहेत, पाय आहेत, पोट आहे. पण झोपेतून उठवते ती तिसरीच. ऐन वेळी मी जागच्या जागी थिजलो आणि माझ्यामुळे शेजारचा गेला तर? या प्रश्नापुढे पहिल्या दोन्ही भीती मला जवळजवळ सभ्य वाटतात.

चौथीही एक आहे. ती मी आज सकाळपर्यंत स्वतःपासून लपवली होती, पण वही काढलीच आहे तर लिहायला हवे.

सकाळी आडोशामागून अचानक उभ्या राहणाऱ्या पुठ्ठ्याच्या आकृत्यांवर नेमबाजीचा सराव होता. काही आकृत्यांच्या हातात बंदूक रंगवलेली असते आणि काहींच्या हातात दुसरे काहीतरी. पहिल्या अकरा मी बरोबर ओळखल्या. बारावी डाव्या हाताच्या खिडकीत उभी राहिली आणि मी दोन गोळ्या झाडल्या, दोन्ही छातीच्या मध्यभागी. उस्तादांनी शिट्टी वाजवून सराव थांबवला, मला त्या आकृतीपाशी नेले आणि काही न बोलता बाजूला उभे राहिले. तो एक म्हातारा माणूस होता, त्याच्या हातात मोबाइल होता. रंग जुना झाला होता, पण चष्मा नीट दिसत होता, आणि माझ्या दोन्ही गोळ्यांची भोके सदऱ्याच्या गुंड्यांच्या रांगेत अशी नेमकी बसली होती की जणू त्या दोन गुंड्याच गळून पडल्या असाव्यात. "नेम उत्तम आहे," एवढे म्हणून उस्ताद पुढे गेले.

गेले चार दिवस मी भीती कमी कशी करायची याचेच उपाय शोधत होतो. त्या पुठ्ठ्यासमोर उभा असताना प्रथमच असे वाटले की हिच्यातला एक भाग कमी होता कामा नये. थिजण्याच्या भीतीने माझे बोट चापावर घाईने गेले. त्या म्हाताऱ्याच्या भीतीने ते अर्धा क्षण थांबायला हवे होते. या दोघींना एकाच श्वासात शांत करून टाकणे हा मोठा धोका आहे. त्या अर्ध्या क्षणाची किंमत शेजारचाही मोजू शकतो हे मला कळते, आणि म्हणूनच हा हिशेब कागदावर सुटत नाही. गोळी कधी चालवायची आणि कधी नाही याचे जे छापील कार्ड आम्हाला दिले आहे, ते मी आज पहिल्यांदा परीक्षेसाठी पाठ करायचे म्हणून न वाचता सावकाश वाचले.

शुक्रवार. चार दिवस.

थिजण्याच्या भीतीवर मात्र काही करता येते. घाबरलेल्या माणसाची बोटे बारीक काम विसरतात, नजर अरुंद होते, आवाज ऐकू येईनासे होतात. म्हणून जे करायचे ते हातांना इतके सवयीचे असावे लागते की डोक्याला विचारायची वेळ येऊ नये. मी आणि शेजारच्या खाटेवरचा मित्र संध्याकाळी दिवे घालवून टूर्निकेट, म्हणजे रक्तस्राव थांबवण्यासाठी हातापायावर आवळायचा पट्टा, बांधायचा सराव करत बसलो. मांडीतली मोठी धमनी तुटली तर काही मिनिटांतच माणूस रक्तस्रावाने जाऊ शकतो, आणि तेवढ्यात मदत पोहोचेलच असे नाही. पट्टा जखमेच्या पाच ते सात सेंटिमीटर वर, सांध्यावर नाही, टोक ओढून घट्ट, मग दांडी रक्त थांबेपर्यंत पिळायची, अडकवायची आणि वेळ लिहायची. एका हाताने, अंधारात, पहिल्या खेपेला मला ७० सेकंद लागले आणि दांडी दोनदा निसटली. विसाव्या खेपेला २४ सेकंद. बरोबर आवळला तर तो चांगलाच दुखतो. दुखत नसेल तर सैल आहे असे समजायचे. मित्राच्या पायावर मी पीळ देत होतो आणि तो अंधारात दात-ओठ खात "अजून, अजून" म्हणत होता, तेव्हा गेल्या पाच दिवसांत प्रथमच मला कशाचीही भीती वाटत नव्हती.

नंतर वहीच्या मागच्या पानावर 'जर-तर' लिहून काढले. पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये मांडले होते की नुसत्या निश्चयापेक्षा, अमुक घडले तर मी अमुक करीन, असे आधी ठरवून ठेवलेले वाक्य ऐन वेळी अधिक उपयोगी पडते. मी शूर राहीन, हे वाक्य म्हणूनच खोडून टाकले. त्याच्या जागी लिहिले, की हात थरथरू लागले तर आधी श्वास पूर्ण सोडीन आणि मग पट्ट्याचे टोक शोधीन. ऐकू येईनासे झाले तर मान वळवून शेजारच्याकडे पाहीन. आणि खिडकीत कोणी दिसले तर चेहऱ्याच्या आधी हात पाहीन.

शनिवार. तीन दिवस.

आज कागदपत्रे. मृत्युपत्र, जवळच्या नातेवाइकाचे नाव, कळवण्याचा क्रमांक. कारकुनाने शाळेच्या प्रवेशअर्जासारखे सगळे भराभर उरकले आणि मला ते योग्यच वाटले. ओळखीचा बिल्ला मिळाला. नाव, क्रमांक, रक्तगट. बिल्ला दुहेरी असेल तर त्याचा अर्धा भाग मृतदेहावरच राहिला पाहिजे, असे १९४९च्या पहिल्या जिनिव्हा करारात लिहिले आहे. दुसरा अर्धा परत जातो. बिल्ला गळ्यात घातला तेव्हा धातू गार होता, दोन मिनिटांत अंगाइतका झाला, आणि मग तो आहे हे जाणवेनासेच झाले.

रात्री आईला फोन केला. तिकडे सध्या सगळे शांत आहे, आमचे काम तर बहुतेक पहाऱ्याचेच असेल, असे बरेच काही सांगितले. ती मुकाट्याने ऐकत होती. मग म्हणाली, "खोटं बोलायचं तर बोल, पण मग आवाज तरी नीट ठेव." दोघेही थोडा वेळ गप्प बसलो. "मला भीती वाटते, आई," मी म्हटले. "मलाही," ती म्हणाली, आणि पुढच्याच वाक्यात, मी लहानपणी सहलीला निघालो असतानाच्या त्याच स्वरात, "पोचलास की फोन कर. आणि नाही करता आला तरी मी काही वेडंवाकडं मनात आणणार नाही." हे शेवटचे खोटे होते, तिचा आवाजही नीट राहिला नव्हता.

सोमवार, रात्र. उद्या पहाटे चार वाजता गाडी.

काल आणि आज कामाच्या धबडग्यात गेले. लिहिण्यासारखे काही नाही, आणि हा अनुभव सुखाचा होता. दुपारी नाडी मोजली, ९२. पोट ढवळते आहे, पण ते का ढवळते हे ठाऊक झाल्यापासून मी त्याच्याशी भांडत नाही.

टूर्निकेट बाहेरच्या खिशात, डावा हातही पोचेल असा. गोळीबाराच्या नियमांचे कार्ड छातीवरच्या खिशात. बॅग भरून झाली, मग मोजे वर असावेत असे वाटले म्हणून रिकामी केली, भरली, मग पाण्याची पिशवी तळाशी गेल्याचे लक्षात आले. तिसऱ्यांदा सगळे खाटेवर मांडून बसलो असताना दादा दारातून जाता जाता थांबला.

"कितव्यांदा?"

"तिसऱ्यांदा."

तो आत आला, समोरच्या रिकाम्या खाटेवर आपली भरलेली बॅग ठेवली, तिची चेन उघडली आणि एकेक वस्तू बाहेर काढायला लागला.