कवटी कापली होती

मागच्या सप्टेंबरात यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावी, समाजमंदिरात, कपाशीवर फवारणी करणारे बारा मजूर मोबाइल घेऊन बसले होते. सुरक्षित फवारणीचा ऑनलाइन अभ्यासक्रम मी तयार केला होता आणि त्याची ती पहिली चाचणी होती. 2017 च्या हंगामात याच जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन शेतकरी, शेतमजूर दगावले. तेव्हापासून हा विषय मनातून गेलेला नाही.

तयारी कसून केली होती. दोन-दोन मिनिटांचे हलके व्हिडिओ, वऱ्हाडी आवाज, उन्हातही वाचता येईल असा ठळक मजकूर.

प्रश्न सोपा होता : सर्वांत विषारी औषध कोणतं? औषधाच्या लेबलावर असतात तसे चार रंगीत त्रिकोण, त्यातला एक निवडायचा. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. पन्नाशीतल्या एका काकांनी तीनदा हिरव्यावर बोट ठेवलं. आमच्या सहकाऱ्याला वाटलं, त्यांनी ऐकलंच नाही. त्याने आवाज वाढवून व्हिडिओ पुन्हा लावला. काका ओशाळले. मी शेजारी जाऊन बसले.

"पिवया अन् निया समजते मले, ताई. हे दोन सारखेच दिसते."

"मग बाटली कशी ओळखता?"

"कवटी पायतो ना!"

मी गप्प झाले. खऱ्या लेबलावर रंगीत त्रिकोणाच्या वर दुसरा अर्धा भाग असतो. लालवर कवटी आणि 'पॉयझन', पिवळ्यावर नुसतं 'पॉयझन', निळ्यावर 'डेंजर', हिरव्यावर 'कॉशन'. लहान स्क्रीनवर गर्दी नको म्हणून तो अर्धा भाग मीच कापला होता. अर्थ केवळ रंगावर सोपवू नका, हा वेब सुगम्यतेचा, म्हणजे अपंगांनाही वेबसाइट वापरता यावी यासाठीचा, नियम 2008 च्या मार्गदर्शक तत्त्वांतही आहे. तो मला पाठ होता. पण मी तो बटणांना आणि सूचनांना लावला, चित्राला लावला नाही. ज्या खुणेवर हा माणूस आजवर जगला, तीच मी पुसली होती, आणि वर त्याला चुकीचा ठरवत होते.

रात्री मुक्कामाच्या खोलीत चारही चित्रं पूर्ण लेबलासह बदलली, प्रत्येकाला बोलकं वर्णन जोडलं. सकाळी काकांनी एका झटक्यात उत्तर दिलं. मग मोबाइल खाली ठेवून म्हणाले, "पन ताई, मालक घरूनच औषध कालवून आनते. वावरात आमाले डरमच दिसते. बाटली कुठं दिसते?"

बाकीच्यांनी माना हलवल्या. अकरा जणांनी आदल्या दिवशी बरोबर उत्तर दिलं होतं, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांनी त्या हंगामात एकही लेबल पाहिलं नव्हतं.

'लेबल वाचा' हा माझा पहिला धडा होता; आता तो तिसरा आहे. पहिला धडा फवारणी करवून घेणाऱ्या मालकासाठी : बाटली वावरात न्या, मजुराला दाखवा. दुसरा मजुरासाठी : पंप भरण्याआधी बाटली मागा. मागायचं कसं, ते त्या बारा जणांनीच बोलून रेकॉर्ड करून दिलं.