वजन कुठल्या पायावर?

दिवाळीच्या सुट्टीत भाचा कोथरूडहून आमच्याकडे राहायला आला तो लॅपटॉप घेऊनच. त्यात 'गॅरीज मॉड' नावाचा खेळ होता. खेळ म्हणायचं आपलं, कारण त्यात जिंकायचं काहीच नसतं. २००४ साली 'हाफ-लाइफ २' या खेळाला जोड म्हणून हे प्रकरण जन्माला आलं आणि २००६ पासून वेगळं विकायला लागलं. एक मोकळं मैदान मिळतं, त्यात पात्रं आणून टाकायची. टाकायची हाच शब्द बरोबर, कारण या पात्रांना रॅगडॉल म्हणतात, म्हणजे चिंध्यांची बाहुली. आणली की ती धपकन पडते. मग माऊसने तिचा हात धरायचा, हवा तिथे न्यायचा आणि उजवं बटण दाबायचं. हात तिथेच गोठतो. असं एकेक अवयव गोठवत माणूस उभा करायचा आणि त्याचा स्क्रीनशॉट काढायचा.

मी म्हटलं, यात काय अवघड आहे? अमृततुल्यच्या दारात चहा पीत उभा असलेला माणूस करायला घेतला. उजवा हात गोठवला, डावा ओढला, तर अख्खं धड झोक्यासारखं फिरलं. तासाभराने माझा माणूस चहा पीत नव्हता, त्याला विजेचा झटका बसला होता.

भाच्याने मान तिरकी करून पाहिलं. "मामा, वजन कुठेय त्याचं?"

"म्हणजे?"

"कुठल्या पायावर उभाय तो?"

दोन्ही, असं मी सांगणार होतो. पण खरंच कोण उभं राहतं दोन्ही पायांवर सारखं? एका पायावर भार गेला की त्या बाजूची कंबर वर सरकते, तोल सांभाळायला खांदा उलटा कलतो, मान परत तिसरीकडे. आपल्या मूर्तिकारांनी याला त्रिभंग असं नाव देऊन कधीच दगडात कोरून ठेवलंय. समचरण उभं राहूनही जिवंत दिसणं एका विठोबालाच जमतं, आणि त्यानेही हात कमरेवर ठेवलेत.

मग आधी कंबर, मग पाय, मग छाती आणि डोकं सगळ्यात शेवटी, असा क्रम बसला. बोटं मात्र या ओढाओढीत येतच नाहीत. त्यांना वेगळं अवजार आहे. ते विसरलात तर माणूस कप धरत नाही, कप त्याच्या पंजाला चिकटवल्यासारखा दिसतो. डोळ्यांनाही वेगळं अवजार. तो कुठे बघतोय हे सांगितलं नाही तर नजर मंडईतल्या पापलेटाची. चेहऱ्याच्या पट्ट्या सरकवून भुवया, ओठ हलवता येतात, पण तिथे माझा हात फार सैल सुटतो. भाचा म्हणतो, "मामा, जरा कमी. नाटकात नाहीये तो."

खाली सोसायटीच्या पोरांनी किल्ला केला होता. कुंभारवाड्यातून आणलेले मावळे, सगळे एका साच्यातले, सगळे ताठ. त्यातल्या एकाचा पाय मोडला होता, म्हणून कुणीतरी त्याला बुरुजाला टेकवून ठेवलं होतं. अख्ख्या किल्ल्यावर तोच एक खरा पहारा देत होता. रात्रभर जागून दमलेला, तरी भाला न सोडलेला. त्याच रात्री मी माझ्या चहा पिणाऱ्या माणसाला उठवून दाराच्या चौकटीला टेकवला. भाचा काही बोलला नाही, नुसता "हं" म्हणाला. त्याच्या वयात ही मोठीच दाद असते.

तेव्हापासून डेक्कनच्या बसथांब्यावर माझी पंचाईत होते. कोण कुठल्या पायावर उभं आहे, पिशवी कुठल्या हातात, त्यामुळे कुठला खांदा उतरलाय, हेच बघत बसतो. एक बस सुटलीसुद्धा.

परवा पासपोर्टसाठी फोटो काढायला गेलो. आयुष्यभर कॅमेऱ्यासमोर माझा खांब होत आलाय, पण या वेळी मी तयारीत होतो. स्टुलावर बसलो, भार डावीकडे घेतला, खांदा किंचित सोडला, मान हलकीशी वळवली.

फोटोग्राफर म्हणाला, "काका, सरळ. मान सरळ, खांदे सरळ, हसू नका."

मी सगळं सरळ केलं. फक्त भार डावीकडेच ठेवला. तेवढा फोटोत येत नाही.