"सोपं आहे" म्हणणं सोडलं त्याची गोष्ट

एफवाय बीएस्सीच्या गणिताच्या वर्गात मी अकरा वर्षं रोज एक वाक्य म्हणायचे, "हे तर सोपं आहे." मनात वाईट काही नव्हतं, पोरांना धीर यावा म्हणूनच म्हणायचे. दोन वर्षांपूर्वी सातपुड्यातल्या धडगावकडची एक मुलगी, हॉस्टेलला राहणारी, दिवाळीनंतर माझ्या तासाला दिसेना. फिजिक्सला यायची, केमिस्ट्रीला यायची, फक्त गणिताला नाही. स्कॉलरशिपच्या फॉर्मवर सही घ्यायला आली तेव्हा विचारलं, काय गं, तब्येत बरी आहे ना? बराच वेळ खाली बघत उभी राहिली आणि मग म्हणाली, "मॅडम, तुम्ही सोपं आहे म्हणता आणि मला तेच येत नाही, मग मी विचारू कसं?"

मला फार लागलं ते. कारण तेव्हा वर्गात लिमिटची एप्सिलॉन-डेल्टा व्याख्या चालू होती (एप्सिलॉन म्हणजे उत्तरात चालणारा फरक, डेल्टा म्हणजे त्यासाठी सुरुवातीच्या किमतीत चालणारा फरक) आणि ती सोपी नाहीच आहे हो! याच लिमिटवर उभ्या असलेल्या कॅल्क्युलसवरचा जर्मन गणिती लाइबनिझचा पहिला पेपर १६८४ चा. १७३४ मध्ये तत्त्वज्ञ बर्कलेने विचारलं की ही तुमची शून्याकडे जाणारी राशी नेमकी आहे तरी काय, आणि त्याला पटेल असं उत्तर कोणाकडे नव्हतं. फ्रेंच गणिती कॉशीने १८२१ च्या पुस्तकात सगळा पाया नीट बांधायला घेतला, तरी त्याच पुस्तकात तो लिहून गेला की कंटिन्युअस (मध्ये कुठे न तुटणाऱ्या) फंक्शन्सची सिरीज, म्हणजे न संपणारी बेरीज, कन्व्हर्ज झाली, म्हणजे एका किमतीला स्थिरावली, की तिची बेरीजही कंटिन्युअसच असते, आणि नॉर्वेच्या आबेलने १८२६ मध्ये उदाहरण देऊन दाखवलं की असं नसतं. आज आपण शिकवतो ती काटेकोर मांडणी जर्मन गणिती वायरश्ट्रासच्या बर्लिनमधल्या लेक्चर्समधून १८६० च्या आसपास पक्की झाली. म्हणजे जगातल्या एकाहून एक हुशार माणसांना पावणेदोनशे वर्षं लागली, आणि मी आश्रमशाळेतून आलेल्या अठरा वर्षांच्या पोरीला पन्नास मिनिटांच्या तासात सांगतेय की सोपं आहे.

आता हे सगळं मी वर्गात सांगते, अगदी कॉशीच्या चुकीसकट. पोरं सावरून बसतात.

भाषेचं तर विचारूच नका. ती मुलगी घरी पावरी ही आदिवासी बोली बोलते, शाळा मराठीत झाली, अकरावीपासून सगळं इंग्रजीत. तिला वर्गसमीकरणाचा विवेचक पक्का येत होता, पण मी डिस्क्रिमिनंट म्हटलं की पेन थांबायचं, आणि मला वाटायचं हिचा दहावीचाच पाया कच्चा आहे. केवढी चूक! आता बोर्डाच्या डाव्या कडेला एक पट्टी ठेवते, तिथे इंग्रजी शब्दाशेजारी शाळेतला मराठी शब्द लिहायचा, कोएफिशंट म्हणजे सहगुणक, व्हेरिएबल म्हणजे चल. मी स्वतः अमळनेरची, आमच्या घरात अहिराणीच, पण कॉलेजात असताना ती तोंडातून निघू नये म्हणून मी किती जपायचे ते माझं मला माहीत. म्हणून पहिल्याच तासाला मीच म्हणून दाखवते, "माले समजनं नही", आणि सांगते की हे वाक्य या वर्गात कुठल्याही भाषेत चालेल. पहिल्या वर्षी सगळे हसले. पण आठवड्याभरात मागच्या बाकावरून एकाने खरंच म्हटलं, आणि त्यानंतर म्हणणारे वाढले.

एप्सिलॉन-डेल्टाचं मला सापडलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण माझं नाहीच, रावेरकडच्या एका मुलाचं आहे, घरची केळी. तो म्हणाला मॅडम, आमचा ठिबकचा ड्रिपर तासाला ४ लिटरचा, झाडाला ८ लिटर द्यायचं तर दोन तास सोडायचं. मी म्हटलं बरं, वडील म्हणाले अर्धा लिटर कमीजास्त चालेल, तर वेळेत किती कमीजास्त चालेल? साडेसात मिनिटं. आणि पाव लिटरच चालेल म्हणाले तर? पावणेचार. मग तोच म्हणाला की म्हणजे आधी वडील एप्सिलॉन सांगणार आणि मग मी डेल्टा शोधणार, आणि ते कितीही बारीक मागोत, मला देता आला पाहिजे. व्याख्येतला सगळ्यात अवघड भाग हाच, कोण आधी आणि कोण नंतर, पुस्तकात ती एक ओळ असते आणि पोरं ती वर्षभर नुसती पाठ करतात. मी फळ्यावर त्याचं उदाहरण तसंच ठेवलं, पुढच्या तासाच्या सरांनाही पुसू दिलं नाही.

बाकी बदल छोटे आहेत. एका मुलाला फळा नीट दिसत नाही, त्यामुळे "हे याने भागलं की हे येतं" असं बोलणं बंद केलं, आता "एक्सच्या वर्गाला दोनने भागलं" असं पूर्ण बोलते, आणि त्याचा फायदा सगळ्यांनाच झाला. होळीच्या आठवड्यात टेस्ट ठेवत नाही. सातपुड्यातल्या पोरांना त्या दिवसांत गावी जायचंच असतं, काठी गावच्या होळीला तर रात्रभर ढोल वाजतात, आणि मी तेव्हा त्यांना गैरहजर म्हणून शून्य देत होते.

काहींना वाटतं असं केलं की दर्जा घसरतो. मी पेपर सोपा केलेला नाही, एकही प्रूफ गाळलेलं नाही. चाळीसगावजवळ पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याचा १२०७ चा शिलालेख आहे. मागच्या वर्षी पोरांना तिथे नेलं होतं. लीलावती या ग्रंथात भास्कराचार्य गणित घालतात तेव्हा शिकणाऱ्याला "बाले", "सखे" अशी हाक मारतात आणि मग विचारतात सांग बघू. गणितं मात्र चांगली कस काढणारी आहेत!

ती धडगावची मुलगी आता टीवायला आहे. जानेवारीत परत यायला लागली होती, पहिले दोन आठवडे काहीच बोलली नाही. मग एकदा तास संपल्यावर वही घेऊन आली आणि म्हणाली, मॅडम, डेल्टा एकदा सापडला की त्याच्याहून लहान कुठलाही चालतो ना, मग पुस्तकात एकच का लिहितात? मी तिला खडू दिला. या सोमवारी ती एफवायच्या सहा पोरींना ड्रिपरचं उदाहरण पावरीत सांगणार आहे, मी मागच्या बाकावर बसणार आहे.