देवबागची डॉल्फिन सफर : खोळंबा जेटीवरच होतो

होडी साडेसहाची म्हणून सांगतात आणि ती जेटीवरून हलते नऊला. मालवणजवळच्या देवबागच्या डॉल्फिन सफरीत माझा सगळा वैताग याच एका गोष्टीपायी झाला आणि तो अजून गेलेला नाही, कारण डॉल्फिन बघायची खरी वेळ बाकावर बसून वाया जाते.

सकाळी जमिनीकडून मतलई वारा असतो तोवर समुद्र सपाट राहतो. पुढे खारा वारा सुटला की लाटांना पांढरे तुरे फुटतात. इथे दिसतो तो मुख्यतः पाठीवर उंचवटा असलेला हम्पबॅक डॉल्फिन. तो उड्या क्वचितच मारतो. फुस्स असा श्वास ऐकू येतो, करडी पाठ कमान करते, तिच्यावरचा लहानसा पर दिसतो आणि पाणी मिटतं. पांढऱ्या तुऱ्यांत हे दोन-तीन सेकंद सापडत नाहीत.

खोळंब्याची कारणं दोन. माणशी तिकीट असलं की माणसं भरल्याशिवाय होडी सोडत नाहीत. म्हणून आदल्या संध्याकाळीच तांडेलाशी, म्हणजे होडी चालवणाऱ्याशी, बोलून पूर्ण होडीचा दर ठरवा आणि मुक्कामाच्या ठिकाणच्या एक-दोन कुटुंबांत वाटून घ्या. नावं, वय, फोन नंबर यांची यादी रात्रीच लिहून ठेवा. खिडकीवर एकेकाला विचारून वही भरण्यात फार वेळ जातो.

दुसरं कारण ओहोटी, आणि हे तिकीट देताना कुणी सांगत नाही. माझा राग आहे तो यावर. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे वाळू साचलेली असते. पाणी कमी असलं की इंजिनाचा पंखा वाळूत घासतो, म्हणून तांडेल पाणी चढायची वाट बघतो. त्याचं बरोबरच आहे. पण हा हिशोब आपल्यालाही आधी करता येतो. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल तेवढ्या वाजता भरती : अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. ढोबळ हिशोब आहे, तासभर इकडेतिकडे धरा. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारकडे, म्हणजे पहाटे ओहोटी, आणि उधाणाच्या दिवसांत पाणी ओसरतंही जास्त. अष्टमी ते दशमीतली सकाळ धरलीत तर उजाडताच बाहेर पडता येतं.

बाहेर पडल्यावर किनाऱ्याजवळच राहा. हा डॉल्फिन उथळ पाण्यातला, खाडीच्या तोंडाशी मासळीमागे येणारा. कुरव हे समुद्रपक्षी एका जागी घिरट्या घालत असतील तिकडे बघा. दुर्बीण आठपटीची पुरे, दहापटीची होडीत हलते. कळप दिसला की तांडेलाला वेग उतरवून बाजूने समांतर चालायला सांगा. समोरून आडवं जाणं, मागे लागणं, दोन-तीन होड्यांनी घेरणं यांनी ते बुडी मारून लांब निघतात, आणि पिल्लू असेल तर पंख्याचा धोका वेगळाच. १९७२च्या वन्यजीव कायद्याने डॉल्फिन संरक्षित आहे, त्यामुळे ‘जवळ घ्या’ असा आग्रह धरूच नका. देवमाशाची आशा मात्र या फेरीत ठेवू नये. सिंधुदुर्गासमोर तो दिसल्याच्या नोंदी आहेत, पण दिसणं विरळाच.

लाइफ जॅकेटच्या सगळ्या क्लिपा जेटीवरच लावून बघा, तुटकी निघाली तर तिथेच बदलून मिळते. ऑक्टोबर ते मार्च हा चांगला काळ, पावसाळ्यात होड्या बंद. आणि समुद्र लागत असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी तासभर आधी घ्या, पण होडी सुटायची वेळ तांडेलाकडून पक्की झाल्यावरच.