तुम्ही विचारलंत म्हणून: तेरावा अध्याय

नागपुरात सदर भागातल्या टपरीवर तर्रीपोहे खाताना, ऑफिसच्या जुन्या ग्रुपवर, परवा तर एका साखरपुड्यातसुद्धा तोच प्रश्न. "का हो सर, ते अमेरिकेतले नेते बायबल दाखवून काहीही करतात, तुमच्यात खरंच तसं लिहिलंय का?"

मी मोहननगरचा. अमेरिकेचं मतदान कार्ड माझ्याकडे नाही, आणि तिथल्या मंत्र्यांनी काय बोलावं हे आमच्या चर्चचा कारभार बघणाऱ्या पास्टोरेट कमिटीला विचारून ठरत नाही. तरी खुलासा दर वेळी मीच द्यायचा.

तर घ्या. जून 2018 मध्ये अमेरिकेच्या सीमेवर स्थलांतरित आईबापांपासून लेकरं वेगळी काढली जात होती. तेव्हा ॲटर्नी जनरल जेफ सेशन्स यांनी बायबलमधल्या, पौलाने लिहिलेल्या रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय पुढे केला: कायदा पाळा, सत्ता देवाने नेमलेली आहे. लिहिलंय का? लिहिलंय. 1985 मध्ये वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेत राष्ट्राध्यक्ष बोथांनीही तोच अध्याय काळ्या ख्रिस्ती लोकांपुढे वाचला. त्याच वर्षी तिथल्या धर्मशास्त्र्यांनी 'कैरोस दस्तऐवजा'त अशा वापराला 'राज्याचं धर्मशास्त्र' म्हणून झोडपलं. 2025 मध्ये अमेरिकेचे उपाध्यक्ष व्हान्स म्हणाले, प्रेम आधी घरच्यांवर, मग शेजाऱ्यांवर, जग शेवटी. पोप फ्रान्सिस यांनी उत्तरात वाटेत पडलेल्या परक्या जखमीला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याचा दाखला दिला.

एवढं बोललो की लोक खूश होतात. इथंच थांबलो असतो तर बरं होतं.

2011 चा मे महिना. मी कमिटीचा सेक्रेटरी. दुपारी, अंगाची लाही लाही होत असताना, आमच्याच चर्चच्या मंडळीतली एक बाई आली. धुणीभांडी करायची, पण रविवार चुकवायची नाही. दुधाच्या रिकाम्या पिशवीत घडी करून नोटीस आणली होती. घर आठ दिवसांत पाडणार होते. तिला चर्चच्या लेटरहेडवर दोन ओळी हव्या होत्या, पावसाळ्यापर्यंत थांबा म्हणून. बस.

मी खुर्चीत टेकून बसलो आणि म्हणालो, "ताई, तेराव्या अध्यायात पौल काय सांगतो? अधिकाऱ्यांच्या अधीन राहावं."

ती थोडा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "सर, तेरावा वाचला तुमी. मंग बारावा काऊन नाई वाचला? रडणाऱ्यासंगं रडा, हे त्यातच हाय ना?"

पिशवी उचलून गेली. पाणीसुद्धा विचारलं नव्हतं मी.

पौलाने पत्र सलग लिहिलं होतं, अध्याय पाडले तेराव्या शतकात, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. संडे स्कूलमध्ये पोरांना मीच शिकवायचो. पौलाच्या काळी रोममध्ये सम्राट नीरो होता, आणि त्याच्याच राज्यात पौलाचा वध झाला असं परंपरा सांगते, हेही. अज्ञान नव्हतं माझं. नोटीस ज्या साहेबाच्या टेबलावरून आली, आमच्या चर्चच्या कंपाउंड वॉलची फाईल त्याच टेबलावर पडून होती, आणि साहेबाला दुखवायचं नव्हतं. पौल कामी आला.

तेव्हाचा मी अजून वाद घालतो: भिंत मंडळीची होती, माझी थोडीच? एका पत्राने घर वाचलं असतं का? नसतंही वाचलं. पण मग मी "भीती वाटते" म्हणायला हवं होतं, देवाचं नाव मध्ये आणायचं काय कारण होतं? यावर तो गप्प बसतो, आणि थोड्या वेळाने पुन्हा भिंतीवर येतो.

म्हणून सेशन्सवर तुम्ही हसता तेव्हा मला मोकळेपणी हसता येत नाही. त्यांच्या हाती सरहद्द होती, माझ्या हाती लेटरहेड. दोन्ही एकच म्हणणार नाही मी, लेकरं हिरावणं ही वेगळीच गोष्ट आहे. पण पुस्तक उघडायची पद्धत माझ्या ओळखीची निघाली.

भिंत झाली. बाई आता दुसऱ्या चर्चला जाते. यंदा संडे स्कूलमध्ये तेरावा अध्याय आला, तेव्हा दाढ दुखते सांगून मी सुटी घेतली.