मृत्युपत्र स्वतः लिहावे की सॉलिसिटरकडे जावे?

इंग्लंड आणि वेल्समध्ये मृत्युपत्र करण्यासाठी सॉलिसिटर असलाच पाहिजे, असे कोणताही कायदा सांगत नाही. अठरा वर्षे पूर्ण झालेली आणि सारासार विचार करू शकणारी कोणतीही व्यक्ती साध्या कागदावर, स्वतःच्या हस्ताक्षरात मृत्युपत्र लिहू शकते. ते मराठीत लिहिले तरी चालते. फक्त पुढे प्रोबेटच्या वेळी, म्हणजे मृत्यूनंतर मृत्युपत्राला न्यायालयीन मान्यता घेताना, त्याचा इंग्रजी अनुवाद द्यावा लागतो. त्यामुळे आमच्या घरी हा विषय निघाला तेव्हा पहिला प्रश्न साहजिकच हा होता, की जे काम आपण स्वतः करू शकतो त्यासाठी कोणाला पैसे का द्यावेत. या प्रश्नावर मी बरेच वाचले आणि विचार केला. माझ्या मते उत्तर मालमत्तेच्या आकारावर कमी आणि कुटुंबाच्या रचनेवर अधिक अवलंबून असते.

स्वतः लिहिलेली मृत्युपत्रे अनेकदा मजकुरापेक्षा सहीपाशी अडतात. १८३७ च्या विल्स अॅक्टनुसार मृत्युपत्र करणाऱ्याने दोन साक्षीदार एकाच वेळी समोर हजर असताना सही करावी लागते किंवा आधी केलेली सही आपलीच असल्याचे त्या दोघांसमोर मान्य करावे लागते, आणि त्यानंतर प्रत्येक साक्षीदाराने मृत्युपत्र करणाऱ्यासमोर सही करायची असते. एका शेजाऱ्याची सही सकाळी आणि दुसऱ्याची संध्याकाळी घेतली, तर एरवी निर्दोष असलेला कागदही निरुपयोगी ठरू शकतो. साक्षीदाराला किंवा त्याच्या पतीला अथवा पत्नीला मृत्युपत्रात काही दिलेले असेल, तर मृत्युपत्र वैध राहते, पण ती देणगी रद्द होते. आपल्याकडे घरातल्याच माणसाला साक्षीला बसवणे सोयीचे वाटते, म्हणून हा नियम ठळकपणे लक्षात ठेवायला हवा. सुनेला साक्षीदार केले, तर मुलाचा वाटा जातो. सह्या झाल्यानंतर एखादे नाव खोडून वर दुसरे लिहिले, तर तो बदल पुन्हा तशाच पद्धतीने सही-साक्षीने केल्याखेरीज ग्राह्य धरला जात नाही. मूळ कागदाला पिन किंवा क्लिप लावून काढल्याची खूण दिसली, तरी सोबत आणखी एखादा कागद होता का, अशी विचारणा प्रोबेटच्या वेळी होऊ शकते.

यानंतरची अडचण अशी, की मृत्युपत्रात लिहिलेली प्रत्येक गोष्ट त्याच्या ताब्यात असतेच असे नाही. पती-पत्नीने घर ‘जॉइंट टेनंट्स’ म्हणून घेतले असेल, तर एकाच्या मृत्यूनंतर ते आपोआप दुसऱ्याकडे जाते आणि मृत्युपत्रात काय लिहिले आहे याला अर्थ उरत नाही. तेच घर ‘टेनंट्स इन कॉमन’ म्हणून घेतले असेल, तर प्रत्येकाचा हिस्सा त्याच्या मृत्युपत्राप्रमाणे जातो. घर घेताना त्या कागदावर आपण नेमकी कोणती खूण केली होती, हे किती जणांना आठवत असेल? पेन्शनची रक्कमही बहुधा त्या योजनेकडे दिलेल्या नामनिर्देशनाच्या आधारे तिचे विश्वस्त ठरवतात. शिवाय घर, दागिने, बँकेतली रक्कम असे एकेक नमूद करून ‘उरलेली सर्व मालमत्ता’ कोणाला, हे लिहायचे राहून गेले, तर त्या उरलेल्या भागापुरते मृत्युपत्र नसल्यासारखेच होते.

मृत्युपत्रच नसेल तर काय होते, हेही सांगायला हवे, कारण ‘सगळे बायकोलाच जाईल’ हा समज फार पसरलेला आहे. मुले असतील तर हयात पती किंवा पत्नीला वैयक्तिक वस्तू, पहिले ३,२२,००० पौंड आणि त्यावरील मालमत्तेचा अर्धा भाग मिळतो. उरलेला अर्धा मुलांना जातो. लग्न किंवा सिव्हिल पार्टनरशिप न करता एकत्र राहणाऱ्या जोडीदाराला या नियमांखाली काहीच मिळत नाही, मग सहवास कितीही वर्षांचा असो.

तर मग स्वतः कोणी लिहावे? ज्यांचे एकच लग्न झाले आहे, मुले सज्ञान आहेत, सर्व मालमत्ता याच देशात आहे, ती वारसाकराच्या मर्यादेपेक्षा बरीच कमी आहे आणि ज्यांना आधी जोडीदाराला आणि नंतर मुलांना समान वाटा द्यायचा आहे, त्यांनी सह्यांचे नियम काटेकोरपणे पाळून स्वतः मृत्युपत्र लिहायला माझी हरकत नाही. असे मृत्युपत्र कधी तरी सॉलिसिटरकडे जाऊ म्हणून वर्षानुवर्षे रखडलेल्या मृत्युपत्रापेक्षा निःसंशय चांगले.

पण यातली एक अट जरी सुटली, तरी माझे मत बदलते. पुनर्विवाह हे त्याचे मोठे उदाहरण, कारण आजच्या कायद्याप्रमाणे लग्न झाले की आधीचे मृत्युपत्र रद्द होते, अपवाद फक्त त्या होऊ घातलेल्या लग्नाचा विचार करूनच केलेल्या मृत्युपत्राचा. पहिल्या लग्नाच्या मुलांसाठी नीट लिहून ठेवलेला कागद अशा रीतीने नकळत संपतो. अपंग मुलाची आयुष्यभराची तरतूद, भागीदारीतला व्यवसाय किंवा एखाद्या अपत्याला वगळण्याची इच्छा, ही सगळी तज्ज्ञाची कामे आहेत. वगळलेले अपत्य कुटुंबीय आणि आश्रितांच्या तरतुदीसाठीच्या १९७५ च्या कायद्याखाली न्यायालयात दाद मागू शकते, आणि वगळण्याची कारणे कशी नोंदवून ठेवावीत, हे अनुभवानेच कळते.

आपल्यापैकी अनेकांच्या बाबतीत भारतातली मालमत्ता हे एकच कारण पुरेसे आहे. स्थावर मालमत्तेचा वारसा ती ज्या देशात आहे तिथल्या कायद्याने ठरतो, म्हणून इथले एक आणि भारतातले एक अशी दोन मृत्युपत्रे करण्याचा सल्ला सहसा दिला जातो. इथे मिळणाऱ्या छापील नमुन्यांत मात्र पहिलेच वाक्य बहुधा असे असते, की ‘मी यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द करतो’. ते वाक्य तसेच ठेवून सही केली, तर भारतातले मृत्युपत्रही त्याच सहीने रद्द झाल्याचा वाद उभा राहतो. कराचा प्रश्न वेगळाच: सामान्यतः ३,२५,००० पौंडांवरील मालमत्तेला ४० टक्के वारसाकर लागतो, आणि भारतातली मालमत्ता त्यात धरली जाईल की नाही, हे इथल्या वास्तव्याचा कालावधी आणि दोन देशांमधला १९५६ चा करार पाहून ठरवावे लागते. आमच्याही बाबतीत भारतातला वाटा हेच निर्णायक कारण ठरले.

सॉलिसिटरही चुकतात. इथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये निकाली काढलेल्या एका प्रकरणात १९९९ साली पती-पत्नीने सॉलिसिटरच्या देखरेखीखाली चुकून एकमेकांच्या मृत्युपत्रांवर सह्या केल्या होत्या. पत्नी वारली तेव्हा कोणाच्या लक्षात आले नाही. पतीच्या मृत्यूनंतर ते उघडकीला आले आणि न्यायालयाच्या तीन पायऱ्या चढल्यावर मृत्युपत्र दुरुस्त झाले. तरीही हे प्रकरण वाचून माझे मत सॉलिसिटरच्याच बाजूने झुकले, कारण त्याला व्यावसायिक विमा बंधनकारक असतो आणि त्याच्या हयगयीमुळे वारसा गमावलेली व्यक्ती त्याच्याकडून भरपाई मागू शकते. ‘विल रायटर’ म्हणवणाऱ्या प्रत्येकाला हे बंधन नसते. मृत्युपत्र लिहून देणे हे परवाना लागणारे काम नाही, म्हणून पैसे द्यायचेच असतील, तर समोरची व्यक्ती कोणाच्या नियंत्रणाखाली काम करते, हे आधी विचारावे.

सॉलिसिटरच्या फाइलमधल्या टिपणांचे मोल मला विशेष वाटते. वयस्क आई-वडिलांना घेऊन गेल्यावर तो मुलांना बाहेर बसायला सांगतो आणि दुभाषी हवा असल्यास घरातला नको म्हणतो, याचा आपल्या लोकांना राग येतो. आयुष्यभर ज्यांचे कागद आपण वाचून दाखवले त्यांच्यापासून आपल्यालाच दूर ठेवले, असे वाटणे समजण्यासारखे आहे. पण उद्या एखाद्या भावंडाने ‘आईवर दबाव होता’ असा आरोप केला, तर ती एकटी असताना काय बोलली, तिला काय समजले होते आणि तिने कोणती कारणे दिली, याची त्रयस्थाने त्याच दिवशी केलेली नोंद हाच सेवा करणाऱ्या मुलाचा आधार ठरतो. घरी लिहिलेल्या कागदाला असा आधार नसतो.

जाताना दोन गोष्टी मात्र आधी ठरवून जाव्यात. पहिली म्हणजे शुल्क आणि त्यात काय काय येते, हे लेखी घ्यावे. दुसरी म्हणजे व्यवस्थापक, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणणारा एक्झिक्युटर, म्हणून त्या कार्यालयाचेच नाव घालण्याचा प्रस्ताव आला, तर मृत्यूनंतर ते किती आणि कसे शुल्क आकारतील, हे विचारल्याशिवाय होकार देऊ नये. कुटुंबातली समंजस व्यक्ती हे काम करू शकते, आणि पुढे गरज पडली तर सॉलिसिटरची मदत घेण्याची मोकळीक तिला असतेच.