अडीचपट चुकलेला अंदाज

१२ फेब्रुवारी, रात्री उशिरा

आज रशियन भौतिकशास्त्रज्ञ बोरिस चिरिकोव यांचा स्मृतिदिन. २००८ साली याच तारखेला ते नोवोसिबिर्स्कमध्ये गेले. आमच्या घरात हे ठाऊक असणारी माणसं दोनच, मी आणि लेक. आणि मलाही तिच्यामुळेच.

एमएस्सीच्या अभ्यासासाठी तिने लॅपटॉपवर दोन ओळींचं गणित चालवलं होतं. गोल फिरणारी काठी, तिला ठरावीक वेळाने धक्का. धक्क्याचा जोर म्हणजे ‘के’. प्रत्येक धक्क्यानंतर काठी कुठे आहे, किती वेगात आहे, त्याचा एक ठिपका. के लहान असेल तोवर ठिपके शहाण्यासारखे रेषेवर बसतात. वाढवत नेला की रेषा एकेक करून विरतात आणि ठिपके भुश्शासारखे उधळतात. आडवी रेषा म्हणजे कुंपण, टिकली आहे तोवर ठिपक्याला ती ओलांडता येत नाही. याला चिरिकोवचा नकाशा म्हणतात.

“बाबा, शेवटची आडवी रेषा कधी तुटेल, सांग बघू.”

इमारतींची अंदाजपत्रकं करण्यात माझी पंचवीस वर्षं गेली, तरी गप्प बसलो.

चिरिकोव यांनी मात्र अंदाज केला. १९५९ साली प्रश्न होता चुंबकीय सापळ्यात कोंडलेले कण निसटतात का, आणि कधी. गणितज्ञ कोल्मोगोरोव यांनी १९५४ मध्ये दाखवलं होतं की धक्का अगदी बारीक असेल तर बऱ्याचशा रेषा टिकतात. पण बारीक म्हणजे किती? चिरिकोव यांची युक्ती आमच्या साइटवरच्या मिस्त्रीलाही पटेल अशी आहे. धक्क्याचा आणि फिरण्याचा ताल जिथे जुळतो तो अनुनाद. प्रत्येक अनुनादाची एक रुंदी असते. ती काढा, शेजारच्या अनुनादापर्यंतचं अंतर काढा. रुंद्या एकमेकींना भिडल्या की मधली रेषा तुटली. दोन घरांच्या पागोळ्या एकमेकींत पडायला लागल्या की मधली बोळ कोरडी कुठली राहायला?

या हिशोबाने के येतो सुमारे २.४७. प्रत्यक्षात शेवटची रेषा तुटते ०.९७ ला.

मी हसलोच. अडीचपट चूक, तीही धोक्याच्या बाजूने! माझं असं अंदाजपत्रक साहेबांनी तोंडावर फेकलं असतं. लेक चिडली. म्हणाली, दोन अनुनादांच्या मध्ये आणखी बारके अनुनाद असतात, ते धरले की आकडा १ च्या जवळ सरकतो, आणि हे खुद्द चिरिकोव यांनीच करून दाखवलं. मग मात्र मी मुकाट्याने ऐकलं. आपला आकडा कुठे नि का चुकतो हे स्वतःच मांडणारा माणूस आमच्या धंद्यात मी तरी पाहिलेला नाही. (मी स्वतःही नाही.)

मोठं नाव झालं तरी मुक्काम सायबेरियातच, भौतिकशास्त्रज्ञ बुडकर यांनी उभारलेल्या अणुकेंद्रीय भौतिकीच्या संस्थेत. रशियाच्या अकादमीचं पूर्ण सदस्यत्व मिळालं ते १९९२ मध्ये, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी. त्याआधीच, १९७७ च्या इटलीतल्या कोमो परिषदेत, त्यांनी काझाती, फोर्ड आणि इझरायलेव यांच्याबरोबर हीच काठी क्वांटमच्या, म्हणजे अणूंच्या जगातल्या, नियमांनी फिरवून दाखवली होती. तिथे ऊर्जा थोडा वेळ वाढते आणि मग अडते. टेक्सासमध्ये थंड केलेल्या सोडियमच्या अणूंवर हे प्रत्यक्ष दिसलं ते नव्वदच्या दशकात. हा भाग मला नीट कळलेला नाही, उगाच मान डोलावली.

हॅलेचा धूमकेतू मात्र चटकन कळला. १९८९ मध्ये वेचेस्लावोव यांच्यासोबत त्यांनी मांडलं की गुरू दर फेरीला त्याला धक्का देतो, म्हणून त्याची चालही अशीच बेभरवशाची. १९८६ मध्ये आजोबांनी पहाटे मला गच्चीवर नेलं होतं. “तो बघ,” म्हणाले. मी “हो हो” म्हटलं. दिसला होता का, देव जाणे.

लेक झोपली. के मी ०.९८ वर ठेवलाय. म्हणजे वाट उघडली आहे, फक्त फटी फार बारीक. एकच ठिपका सोडलाय. तासभर झाला, अजून खालच्याच अर्ध्यात घुटमळतोय.